‘लोकल ट्रीटमेंट’ म्हणजे गावचा इलाज नव्हे : पसरलेल्या ॲड्रिनल कॅन्सरवरचे जागेवरचे उपचार

मधल्या सुट्टीत माझ्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जाडजूड फाईल. म्हणाली, "मॅडम, अब्बांनी विचारलंय, यात काय लिहिलंय ते वाचून सांगाल का? अम्मीची फाईल आहे."

आपल्या मोहल्ल्यात इंग्रजी कागद आला की तो शिक्षकाच्या घरी जातो, हे नवीन नाही. बँकेची नोटीस असो, पासपोर्टचा फॉर्म असो की दवाखान्याचा रिपोर्ट. मी विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही, हे मी त्या मुलीलाही सांगितलं आणि आपल्यालाही आधीच सांगते. पण फाईलच्या शेवटच्या पानावर डॉक्टरांनी दोन शब्द लिहिले होते, ‘लोकल थेरपी’. त्या दोन शब्दांवरून त्या घरात रात्रभर वाद झाला होता.

मुलीचे बडे अब्बा म्हणत होते, "मोठ्या दवाखान्यानं हात वर केले. लोकल म्हणजे आता इथलाच इलाज करा असं सांगतायत. तालुक्याच्या हकीमसाहेबांकडे नेऊ." मुलीच्या अब्बांना ते पटत नव्हतं, पण उलट सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. पुढची अपॉइंटमेंट आठ दिवसांवर होती आणि घरात ती रद्द करायची बोलणी सुरू झाली होती.

त्या शब्दाचा अर्थ अगदी वेगळा आहे. कॅन्सरच्या भाषेत ‘लोकल’ म्हणजे ‘जिथे गाठ आहे तेवढ्याच जागेवर केलेला’ उपचार. डॉक्टरांनी हात वर केलेले नव्हते, एक रस्ता अजून खुला आहे एवढंच ते सांगत होते. एका शब्दाच्या गैरसमजातून तो रस्ता बंद व्हायला आला होता. म्हणून हा लेख. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख मात्र सांगणार नाही.

ॲड्रिनल ग्रंथी : टोपीएवढी, पण कामं मोठी

आपल्या दोन किडन्यांच्या, म्हणजे गुर्द्यांच्या वर, छोट्या टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. मराठी पुस्तकांत त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, डॉक्टर ॲड्रिनल म्हणतात. एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसोल बनतं, जे ताणाच्या वेळी शरीराला सांभाळतं. शरीरातलं मीठ-पाणी आणि रक्तदाब सांभाळणारं अल्डोस्टेरॉन आणि काही प्रमाणात पुरुषी हार्मोनही तिथेच बनतात.

याच बाहेरच्या थरात कॅन्सर झाला तर त्याला ॲड्रिनोकॉर्टिकल कार्सिनोमा म्हणतात. हा आजार फार दुर्मीळ आहे. दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण एक किंवा दोन. म्हणजे एखाद्या तालुक्याच्या डॉक्टरनं आयुष्यभरात असा एकही रुग्ण पाहिला नसेल, यात त्यांचा दोष नाही. पाच वर्षांखालची मुलं आणि चाळिशी-पन्नाशीतली माणसं यांच्यात तो जास्त दिसतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये थोडा अधिक.

लक्षणं गाठ कोणतं हार्मोन जास्त बनवते त्यावर ठरतात. कॉर्टिसोल वाढलं तर चेहरा गोल होतो, पोट सुटतं पण हात-पाय बारीक होतात, त्वचेवर जांभळे पट्टे येतात, रक्तदाब आणि साखर वाढते, जिने चढताना मांड्यांत जोर राहत नाही. पुरुषी हार्मोन वाढलं तर बाईच्या चेहऱ्यावर केस येतात, आवाज जाड होतो, पाळी बंद होते. काही गाठी हार्मोन बनवतच नाहीत, त्या पोट जड वाटेपर्यंत कळत नाहीत.

इथे बहिणींसाठी एक गोष्ट. त्या मुलीच्या अम्मीच्या हनुवटीवर केस यायला लागले, आवाज बदलला, आणि त्यांनी आठ महिने ते ओढणीखाली लपवलं. सासरच्यांना कळू नये, शेजारणींनी हसू नये म्हणून. बीपी आणि साखरेच्या गोळ्या तेवढ्या चालू होत्या. थोड्याच महिन्यांत असे बदल झाले तर ती लाजायची गोष्ट नाही, तपासायची आहे. सगळ्यांनाच कॅन्सर नसतो, बहुतेकींना नसतोच. पण तपासणी झाली पाहिजे.

‘पसरला’ म्हणजे नेमकं काय?

या कॅन्सरचे चार टप्पे मानतात. गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत आणि ग्रंथीतच असेल तर पहिला, त्याहून मोठी पण ग्रंथीतच असेल तर दुसरा. आजूबाजूच्या भागात, जवळच्या लिम्फ नोडमध्ये किंवा मोठ्या शिरेत शिरली तर तिसरा. लांबच्या अवयवात गेली तर चौथा. हा आजार बहुतेक वेळा लिव्हर, फुप्फुसं, लिम्फ नोड आणि हाडांत जातो.

लिव्हरमध्ये डाग दिसला की नातेवाईक म्हणतात, "आता लिव्हरचा कॅन्सरही झाला." तसं नसतं. तो ॲड्रिनलचाच कॅन्सर, लिव्हरमध्ये जाऊन बसलेला. म्हणून त्याचं औषधही ॲड्रिनल कॅन्सरचंच लागतं.

चौथा टप्पा ऐकला की घरात सन्नाटा पसरतो. पण चौथ्या टप्प्यातले सगळे मरीज सारखे नसतात. कुणाला लिव्हरमध्ये दोन डाग असतात, कुणाला लिव्हर, फुप्फुसं आणि हाडं मिळून चाळीस. मोजके डाग असतील तर डॉक्टर त्याला ‘ऑलिगोमेटास्टॅटिक’ म्हणतात. ‘ऑलिगो’ म्हणजे थोडे. फाईलमध्ये हा शब्द दिसला तर थांबून विचारा, कारण जागेवरच्या उपचारांचा विचार प्रामुख्याने याच मरीजांसाठी होतो.

आधी पाया : सगळ्या शरीरावरचा इलाज

शेतात हरळी झाली की शेतकरी दोन पद्धती वापरतो. सगळीकडे पसरली असेल तर पूर्ण रानावर फवारणी. चार-दोन जागीच असेल तर खुरपं घेऊन मुळासकट काढणं. कॅन्सरमध्येही असंच आहे. औषधं ही फवारणी, जागेवरचे उपचार हे खुरपणं. आणि कधी कधी दोन्ही लागतात, कारण आज न दिसणारी मुळं जमिनीत असू शकतात.

या आजारातलं मुख्य औषध मायटोटेन. त्याचं रासायनिक नातं डीडीटी या कीटकनाशकाशी आहे, आणि अमेरिकेत त्याला १९७० साली मान्यता मिळाली. ते ॲड्रिनलच्या पेशींवरच हल्ला करतं. रक्तातलं त्याचं प्रमाण लिटरमागे १४ ते २० मिलीग्रॅम ठेवायचा प्रयत्न असतो, म्हणून वारंवार रक्त तपासावं लागतं. तिथपर्यंत पोचायला काही आठवडे ते महिने लागतात. गोळी तूप-दूध अशा स्निग्ध खाण्याबरोबर घेतली तर अंगी जास्त लागते. मळमळ, जुलाब, गुंगी, चक्कर हे त्रास होतात. हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मोठ्या कॅन्सर केंद्रामार्फत मागवावं लागतं.

आजार वेगाने वाढत असेल तर मायटोटेनबरोबर इटोपोसाइड, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन ही तीन केमो औषधं देतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फर्म-एसीटी’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत ३०४ रुग्ण होते. या जोडीने सुमारे २३ टक्के रुग्णांच्या गाठी लहान झाल्या, तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या औषधाने सुमारे ९ टक्क्यांच्या. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ मधल्या रुग्णाच्या हिशोबाने पाच महिने होता, दुसऱ्या गटात सुमारे दोन महिने.

हे आकडे फार मोठे नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. औषधं एवढ्यावरच थांबतात म्हणून डॉक्टर विचारतात, मोजक्या गाठी उरल्या असतील तर त्या एकेक करून संपवता येतील का? तिथून जागेवरच्या उपचारांचा विषय सुरू होतो.

जागेवरचे उपचार कोणते?

१. शस्त्रक्रिया. शक्य असेल तिथे आजही हाच पहिला विचार. लिव्हरचा एखादा तुकडा किंवा फुप्फुसातली गाठ काढून टाकतात. पण सगळे डाग निघणार असतील तरच त्याला खरा अर्थ. अर्धे काढून अर्धे ठेवायचे असतील तर मोठ्या ऑपरेशनचा त्रास आणि फायदा यांचा हिशोब नीट मांडावा लागतो. गाठ फार हार्मोन ओतत असेल, तर तो पूर कमी करण्यासाठी मात्र कधी कधी अर्धवट ऑपरेशनही करतात.

२. उष्णतेने जाळणं. याला ॲब्लेशन म्हणतात. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत बघत त्वचेतून एक बारीक सुई थेट गाठीत नेतात. सुईच्या टोकाशी रेडिओ लहरी किंवा मायक्रोवेव्हने उष्णता तयार होते आणि गाठ जागच्या जागी शिजते. चिरफाड नाही, बरेचदा एक-दोन दिवसांत घरी. गाठ तीन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर काम सगळ्यात चांगलं होतं, पाचच्या पुढे कठीण. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि कडेच्या पेशी वाचतात. चुलीवरच्या भांड्यात एकीकडून गार पाणी सोडत राहिलं तर जे होईल तेच. मायक्रोवेव्हमध्ये ही अडचण थोडी कमी असते.

३. थंडीने गोठवणं. याला क्रायोॲब्लेशन म्हणतात. सुईतून आरगॉन वायू सोडून गाठीभोवती बर्फाचा गोळा बनवतात, मग वितळवतात, मग पुन्हा गोठवतात. या चक्रात पेशी फुटतात. बर्फाचा गोळा स्कॅनवर दिसतो, त्यामुळे शेजारचं आतडं किंवा नस वाचवायला सोपं जातं. वेदनाही तुलनेने कमी.

सुईच्या उपचारांनंतर दोन-चार दिवस ताप, अंगदुखी, थकवा येऊ शकतो. फुप्फुसातल्या गाठीला सुई लावली तर फुप्फुसाभोवती हवा भरण्याचा धोका असतो, कधी नळी घालावी लागते. म्हणून अचानक दम लागला तर वाट बघायची नाही.

४. गाठीची रसद तोडणं. हा मुख्यतः लिव्हरमधल्या डागांसाठी. निरोगी लिव्हरला बहुतेक रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, जेमतेम चौथा हिस्सा धमनीतून. गाठी मात्र आपलं रक्त बहुतेक धमनीतूनच ओढतात. डॉक्टर याचाच फायदा घेतात. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी त्या धमनीपर्यंत नेतात, तिथे केमोचं औषध सोडतात आणि बारीक कणांनी वाट बंद करतात. औषधही पोचतं आणि गाठीचं अन्नपाणीही तुटतं. याचं नाव केमोएम्बोलायझेशन, फाईलमध्ये बरेचदा ‘टेस’ असं लिहितात. सुईने एकेक जाळण्यासारखे नसलेले, पण लिव्हरपुरतेच असलेले डाग यात हाताळता येतात. नंतर काही दिवस ताप, पोटदुखी, मळमळ अपेक्षित असते. कावीळ असेल किंवा लिव्हर आधीच थकलेलं असेल तर हा उपचार चालत नाही.

याच वाटेने केमोऐवजी यट्रियम-९० नावाच्या किरणोत्सारी पदार्थाचे सूक्ष्म मणी सोडतात, त्याला रेडिओएम्बोलायझेशन म्हणतात. हे मणी केसापेक्षाही बारीक असतात आणि त्यांचा जोर दर ६४ तासांनी निम्मा होतो. मणी लिव्हरमधून फुप्फुसाकडे तर निसटत नाहीत ना, हे आधी एका चाचणीत बघतात. उपचार महाग आहे आणि मोजक्याच ठिकाणी होतो.

५. नेमका शेक. पूर्वी समज होता की या कॅन्सरवर रेडिएशनचा उपयोग होत नाही. तो आता बदलला आहे. एसबीआरटी या पद्धतीत वेगवेगळ्या कोनांतून बारीक किरण एकाच बिंदूवर आणतात, त्यामुळे गाठीला जोरदार डोस मिळतो आणि आजूबाजूला कमी. साधारण एक ते पाच बैठकांत काम होतं. जिथे सुई पोचत नाही किंवा मरीजाला भूल झेपत नाही तिथे हा मोठा आधार. हाडातल्या दुखण्यासाठी साधा शेकही देतात, बरेचदा एकाच बैठकीत, आणि बऱ्याच मरीजांना काही दिवस-आठवड्यांत आराम पडतो. पाठीच्या कण्यात डाग असून पायात मुंग्या, अशक्तपणा किंवा लघवी अडकणं सुरू झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

यातून मिळतं काय?

आजार दुर्मीळ असल्यामुळे या उपचारांवरचे बहुतेक अभ्यास लहान आहेत. हजारो रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना इथे नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये आठ रुग्णांच्या १५ गाठींवर रेडिओ लहरींचा अनुभव मांडला होता. पाच सेंटिमीटरपर्यंतच्या १२ गाठींपैकी ८ पूर्ण जळाल्याचं त्यात दिसलं. म्हणजे लहान गाठींवरही प्रत्येक वेळी यश येत नाही, आणि मोठ्या गाठींवर आणखी कमी.

२०१८ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी या आजारासाठी मार्गदर्शक नियम काढले. मोजके डाग असतील तर शस्त्रक्रियेबरोबर हे जागेवरचे उपचारही विचारात घ्यावेत असं त्यात स्पष्ट आहे. पहिल्या ऑपरेशननंतर आजार एक वर्ष किंवा जास्त काळाने परतला आणि डाग काढण्यासारखे असतील, तर जागेवर जाऊन काढणं किंवा संपवणं योग्य. सहा महिन्यांच्या आतच परतला तर आजार चपळ आहे असं समजून आधी केमो आणि मायटोटेन.

म्हणून दोन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. एक, जागेवरचा उपचार दिसणारा डाग संपवतो, न दिसणारा नाही, म्हणून मायटोटेन आपल्या मनाने बंद करायचं नाही. दोन, पसरलेल्या आजारात याचा हेतू बहुतेक वेळा आजार काबूत ठेवणं, वेळ मिळवणं, दुखणं आणि हार्मोनचा त्रास कमी करणं हा असतो. काही थोड्या मरीजांना वर्षानुवर्षं साथ मिळते. पण ‘शंभर टक्के बरं करून देतो’ असं कोणी म्हणालं, मग ते मोठं हॉस्पिटल असो की छोटा दवाखाना, तर तिथून उठावं.

सगळ्यात महत्त्वाचं : स्टेरॉइड विसरायचं नाही

लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा.

गाठ खूप कॉर्टिसोल बनवत असेल तर दुसऱ्या बाजूची चांगली ग्रंथी झोपी गेलेली असते. गाठ काढली किंवा जाळली की शरीरात कॉर्टिसोल उरतच नाही. मायटोटेन चालू असेल तर ते चांगली ग्रंथीही बंद पाडतं. म्हणून अशा मरीजांना हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या लागतात, आणि मायटोटेन ते लवकर जाळून टाकत असल्यामुळे डोस नेहमीपेक्षा जास्त, बरेचदा दिवसाला ५० मिलीग्रॅम किंवा अधिक.

"स्टेरॉइड वाईट असतं" असं ऐकून घरचे ही गोळी बंद करतात. हे जिवावर बेतू शकतं. इथे ती गोळी म्हणजे शरीर स्वतः बनवू शकत नसलेली रोजची गरज. ताप, उलट्या, जुलाब, ऑपरेशन किंवा सुईचा उपचार अशा वेळी डोस आणखी वाढवावा लागतो. किती, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. गोळी पोटात टिकत नसेल, मरीज गळून गेला असेल, बीपी उतरत असेल तर लगेच इमर्जन्सीत नेऊन सांगा, "ॲड्रिनलचा मरीज आहे, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन हवं." मरीजाच्या खिशात तसं कार्ड असू द्या. ॲब्लेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे माहीत हवं. आणि सुई ॲड्रिनलच्या आसपास जाणार असेल तर उपचाराच्या वेळी बीपी अचानक भडकू शकतं, त्याची तयारी त्यांना आधी करावी लागते.

रमजानमध्ये हा प्रश्न प्रत्येक घरात येईल. हायड्रोकॉर्टिसोनचा असर काही तासच टिकतो, म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा गोळी असते. सहरी ते इफ्तार उपाशी राहून मधली गोळी चुकवणं धोक्याचं आहे. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे हे आपण लहानपणापासून शिकलोय. मरीजाला अपराधी वाटू देऊ नका. आधी डॉक्टर, मग आलिमसाहेब, असा मशवरा रमजानच्या आधीच करा.

हकीम, काढे आणि चूर्ण

बडे अब्बांचा हेतू वाईट नव्हता. ज्यांनी आयुष्यभर घराण्याला औषध दिलं त्यांच्यावर भरोसा असतोच. पण मायटोटेन लिव्हरला इतर औषधं भराभर जाळायला लावतं, त्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी, बीपीच्या काही गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या यांचा असर कमी होतो. त्यात काय आहे हे माहीत नसलेलं चूर्ण मिसळलं तर काय होईल हे कोणीच सांगू शकत नाही. बाजारातल्या काही ‘ताकदीच्या’ पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ सापडते, त्याने हार्मोनचे रिपोर्टच चुकतात. जे काही घेताय ते डॉक्टरांना सांगा, लपवू नका. दुआ आणि दवा बरोबर चालू शकतात. दवा सोडून देणं मात्र महागात पडतं.

कुठे जायचं, खर्चाचं काय?

असा आजार एकट्या डॉक्टरनं बघण्यासारखा नाही. हार्मोनचे तज्ज्ञ, कॅन्सर सर्जन, औषधांचे तज्ज्ञ, रेडिएशनचे तज्ज्ञ आणि सुई-नळीचे उपचार करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात, त्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल अशा कामासाठी ओळखलं जातं. देशभरातली कॅन्सर केंद्रं ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’मध्ये जोडलेली आहेत, त्यामुळे आपल्या भागातल्या केंद्रातूनही सल्ला सुरू करता येतो.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आपला नेमका उपचार त्यात बसतो का, हे योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये बसणाऱ्या आरोग्यमित्राला उपचाराचं नाव दाखवून विचारा, कारण प्रत्येक प्रोसिजर यादीत असेलच असं नाही. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन मरीजांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या सोशल वर्करला भेटा. मुख्यमंत्री सहायता निधीतही अर्ज करता येतो. रेशन कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरांचं खर्चाचं पत्रक एका फाईलमध्ये ठेवा. जमातीतून मदत गोळा करायचीच असेल, तर आधी हे दरवाजे ठोठावून मग करा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या. घाबरलेल्या माणसाला तिथे आठवत नाही.

१. एकूण डाग किती, कुठे आणि सगळ्यात मोठा किती सेंटिमीटरचा?
२. मागच्या स्कॅनपेक्षा ते किती वाढले?
३. सगळे डाग जागेवरच्या उपचारांनी संपवता येतील की काहीच?
४. ऑपरेशन, सुई, नळी, शेक यांतला कोणता आणि का?
५. हेतू काय : आजार काबूत ठेवणं, दुखणं कमी करणं की हार्मोन उतरवणं?
६. मायटोटेन किंवा केमो चालूच राहणार का?
७. उपचाराच्या दिवशी स्टेरॉइडचा डोस किती आणि घरी किती?
८. ट्यूमर बोर्डात केस ठेवली का?
९. हा उपचार केला नाही तर काय होईल?

शेवटचा प्रश्न विचारायला जीभ उचलत नाही, पण त्याच्या उत्तरावर घरचे निर्णय घेऊ शकतात. कधी उत्तर असंही येईल की आता जागेवरचे उपचार त्रासच देतील. तेव्हा पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना, मळमळ, झोप, मनाची बेचैनी यांवरचा इलाज, हा हार मानणं नसतो. खरं तर ही मदत पहिल्या दिवसापासूनच सोबत घ्यावी.

त्या घराचं पुढे काय झालं?

अपॉइंटमेंट रद्द झाली नाही. बडे अब्बा स्वतः सोबत गेले, माझा प्रश्नांचा कागद त्यांच्याच खिशात होता. लिव्हरमध्ये दोन डाग, फुप्फुसात एक. लिव्हरचे दोन्ही मायक्रोवेव्हने जाळले, फुप्फुसातल्यावर एसबीआरटी दिली. मायटोटेन चालू आहे, त्याची मळमळही चालू आहे. सहा महिन्यांनी लिव्हरमध्ये एक नवा छोटा डाग दिसला, त्याचाही विचार बोर्डात सुरू आहे. आजार गेलेला नाही. पण गेल्या महिन्यात पालकसभेला त्या मुलीची अम्मी स्वतः आली. पहिल्या बाकावर बसली आणि गणितात मार्क कमी का पडले म्हणून मला चांगलं दहा मिनिटं विचारत राहिली.

आपल्या ओळखीत कोणाच्या फाईलमध्ये ‘लोकल थेरपी’ लिहिलेलं दिसलं, तर त्यांना हा एवढा एक फरक समजावून सांगा आणि पुढच्या अपॉइंटमेंटला सोबत जा.